चर्च डाव्या हाताला ठेवून

माझ्या बायकोला इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या सगळ्या वाटा अजून तोंडपाठ आहेत. बाकी फारसं काही आता तिच्यापाशी उरलेलं नाही. सकाळची कॉफी झाली की नाही ते तिला आठवत नाही, आणि आमच्या अंबत्तूरच्या फ्लॅटमध्ये बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते रोज नव्याने दाखवावं लागतं. पण त्या गावात गिरणीपासून दगडी पुलाकडे कसं जायचं ते विचारा, डोळे मिटून सांगेल. लोकांना याचं मोठं कौतुक वाटतं. शेजारच्या मामी म्हणतात, देवाने तेवढं तरी ठेवलं तिच्याकडे. देवाने नाही, मी ठेवलं. आणि जे ठेवायला हवं होतं ते ठेवलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी ड्राफ्ट्समन. आवडी नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यात उभा जन्म ड्रॉइंग बोर्डापुढे काढला. शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं, पण त्याला मी मनातून कधी काम म्हटलं नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्या घरातली मराठी ऐकून मुंबई-पुण्याहून बदलीवर आलेले लोक आधी दचकतात, मग हसतात आणि मग ‘किती गोड’ म्हणतात. तिन्हींचा मला सारखाच राग येतो. लिहायची मराठी मी पुस्तकांतून शिकलो, ती ही अशी. बायकोने तो खटाटोप केला नाही. ती जन्मभर घरची मराठी आणि तमिळ यांची मोट बांधून बोलत आली, आणि तिचं कुठेही अडलं नाही.

आमची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी इंग्लंडला गेली. पहिली काही वर्षं तिने शहरात काढली, मग काम घरूनच करता यायला लागलं तशी एका खेड्यात जाऊन राहिली. दीडेकशे उंबऱ्यांचं गाव, एक चर्च, एक दुकान, दिवसातून तीनदा येणारी बस. ‘अप्पा, तुम्हाला इथं करमायचं नाही,’ असं तिने आधीच बजावलं होतं. कारखान्याच्या भोंग्यावर उठलेला आणि भोंग्यावर जेवलेला माणूस तिथल्या शांततेने आजारी पडेल, असा तिचा अंदाज. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे पाच महिने राहिलो. एप्रिलमध्ये गेलो, ऑगस्ट संपताना परतलो. आयुष्यातले चांगले दिवस कुठले असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आणि आज त्याच दिवसांची आठवण काढायची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

पहिल्या महिनाभरात बायको तिथल्या उजेडाने हैराण झाली. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावल्याशिवाय घरात पान मांडायचं नाही, हा तिचा नेम. तिथे मे महिन्यात रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी ऊन भिंतीवरून हलत नसे. ती तेलात वात भिजवून खिडकीशी बसून राहायची.

“सूर्य जाईनाच की. दिवा केव्हा लावूं मी?”

मुलगी म्हणाली, “आई, घड्याळ बघून लाव.”

“घड्याळाला दिवा लावतात का कोणी?”

शेवटी भुकेने कासावीस होऊन मीच उठलो, खिडकीचे पडदे ओढले आणि संध्याकाळ झाल्याचं जाहीर केलं. तिने निमूटपणे दिवा लावला. परत येईपर्यंत आमच्याकडे संध्याकाळ अशी माझ्या हातानेच होत असे.

दिवसभर मुलगी कामात. आम्ही दहीभात, लोणचं आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळीच बाहेर पडायचो. तिथली सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे लोकांच्या खाजगी शेतांतून वाटा जातात आणि त्यांवरून कोणीही चालावं, कोणी हटकत नाही. खांबावर एक पिवळा बाण ठोकलेला असतो. कुंपण आलं की ओलांडायला दोन फळ्यांच्या पायऱ्या. पहिल्या दिवशी बायको पायरीवर चढून तशीच उभी राहिली.

“अहो, कोणाचं शेत हे? वरडतील की!”

मी बाण दाखवला. बाणावर तिचा विश्वास बसला नाही. समोरच्या मेंढ्या आमच्याकडे बघून पुन्हा चरायला लागल्या तेव्हा ती खाली उतरली.

घरापासून निघालं की आधी दगडी पूल लागे. दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम चालतील एवढा रुंद, कठड्यावर शेवाळ. पुढे जुनी गिरणी. तिचं चाक कधीच गेलं होतं, चाकासाठी वळवलेलं पाणी मात्र अजून त्याच पाटातून वाहत होतं. गिरणीच्या वरच्या अंगाला गवताचा एक मोठा उंचवटा. तिथल्या फलकावर लिहिलं होतं की फार पूर्वी इथे एका सरदाराची लाकडी गढी होती. आता वर काही नव्हतं. आम्ही वर बसून दहीभात खायचो. पलीकडच्या शेतात मठाची एक भिंत उभी होती, नुसती एक भिंत, तिच्यात खिडकीची कमान आणि कमानीतून पलीकडचं आभाळ. राजाने मठ मोडायचा हुकूम काढला आणि गावकऱ्यांनी दगड नेऊन घरं बांधली, असं मी फलक वाचून बायकोला सांगितलं.

“राजानंच मोडलं का? मग तक्रार कोणाकडे करायची?” ती म्हणाली, आणि भिंतीला हात लावून आली.

चर्च आठशे वर्षांचं. चौकोनी बुरूज, आणि अंगणात चर्चहूनही जुनं म्हणून सांगतात असं एक यूचं झाड. खोडाला एवढी पोकळी की आत माणूस उभा राहावा. बायकोने चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या झाडाला तीन प्रदक्षिणा घातल्या. थडग्यांमधलं गवत कापणारा म्हातारा मशीन बंद करून बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसरी प्रदक्षिणा पुरी झाल्यावर म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवसापासून तो दिसला की बायको त्याला हात जोडायची आणि तो टोपी काढायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

मे महिन्यात पुलाच्या डावीकडच्या रानात निळी फुलं फुलली. झाडांखाली नजर जाईल तिथवर जमीनच निळी. मी जन्मभर जे पाहिलं ते मोजायच्या नजरेने पाहिलं. इथे मोजण्यासारखं काही नव्हतं. मी बराच वेळ नुसता उभा होतो आणि बायको माझ्याकडे बघत होती. “तुम्ही असे उभे राहिलेले मी पाहिलेंच नव्हतें,” असं ती नंतर मुलीला म्हणाली.

जून संपत आला असताना ती एक दिवस एकटीच दुकानातून दूध आणायला गेली आणि दोन तास परतली नाही. दुकानातून यायला चर्चवरून मेंढ्यांच्या शेतातली वाट. मी शोधत निघालो तर घरापासून हाकेच्या अंतरावर, पुलाच्या अलीकडच्या बाजूला, जिथे रानाची वाट फुटते त्या फाट्यावर ती उभी. हातात दुधाची बाटली.

“घर हाललं की,” ती म्हणाली.

मी पोट धरून हसलो. ती पण हसली. संध्याकाळी जेवताना मी ते मुलीला रंगवून सांगितलं. मुलगी हसली नाही. “अप्पा, आई हल्ली विसरते का?” तिने विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे नाक्यावर नाक्यावर विचारायला माणसं असतात, इथे विचारायचं तर मेंढ्यांना, कोणीही चुकेल. तिच्या प्रश्नाला एवढंच उत्तर मी दिलं. आणि माझ्या स्वभावाप्रमाणे इलाज शोधला तो माझ्या कामातला. बायको चुकते ना, मग तिला नकाशा काढून देऊ.

पंधरा दिवस मी गाव पावलांनी मोजलं. माझं पाऊल अडीच फुटाचं, कारखान्याच्या आवारात कधीच मोजून ठेवलेलं. मुलीने शहरातून ट्रेसिंग पेपर आणून दिला. असा नकाशा मी नोकरीतही काढला नसेल. पूल, गिरणी, गढी, मठाची भिंत, चर्च, यूचं झाड, दुकान, बसचा थांबा, कुंपणाच्या प्रत्येक पायरीला खूण. मुलीचं घर तर मी दारासकट काढलं आणि दार निळ्या पेन्सिलीने रंगवलं, कारण त्या ओळीत तेवढं एकच दार निळं होतं.

उजव्या कोपऱ्यात आमच्या रिवाजाप्रमाणे चौकट आखली. तिच्यात दोन रकाने, काढणारा आणि तपासणारा. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने ते स्वतः तपासायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही. म्हणून तपासायला बायकोला दिलं. ती कागद घेऊन माझ्याबरोबर सगळं गाव फिरली आणि चर्चच्या अंगणात तिने मला पकडलं. यूचं झाड मी बुरुजाच्या चुकीच्या बाजूला दाखवलं होतं.

“तुम्ही मोजत चाललांत. मी बघत चाललें,” ती म्हणाली.

मी मान खाली घालून झाड खोडलं आणि दुसऱ्या बाजूला काढलं. सही करायच्या आधी तिने कागद पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिला.

“अस्की काढलांत, सगळं. घर काढलांत, दार काढलांत, कचऱ्याचा डबासुद्धा काढलांत. आपली लेंक कोठं आहे यांत?”

मी हसलो. नकाशात माणसं काढायची नसतात, माणसं हलतात, हे तिला समजावून सांगितलं. कारखान्यात एका शिकाऊ पोराने मशीनच्या ड्रॉइंगशेजारी उंची कळावी म्हणून छोटासा माणूस काढला होता आणि मी त्याला सर्वांसमोर कसं झापलं, ती गोष्टही सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि चौकटीत आपली सही केली. तमिळमध्ये, कारण सही ती तमिळमध्येच करते.

परत आल्यावर वर्षाच्या आत सगळं उघड झालं. कुकर जळला, नळ वाहता राहिला, आणि एकदा कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापासून तिला रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या केल्या. तिथली तरुण डॉक्टरीण शांतपणे बोलली. हे बरं होणारं नाही, हळूहळू वाढणार. औषधाने वेग थोडा कमी होईल, फार आशा धरू नका. मग म्हणाली, “रोज फोटो दाखवा. माणसांची नावं घ्या, नाती सांगा. मुलीशी समोरासमोर बोलायला लावा. चुकल्या तरी रागावू नका.” मी सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यातलं एकही मी धड पाळलं नाही.

सुरुवात केली होती. जेवण झालं की अल्बम घेऊन बसायचो. पहिले काही दिवस बरे गेले. मग तिचे धाकटे काका गेले, मग माझा भाऊ गेला, म्हणजे तिच्या ओळखीतून गेले. आणि एके दुपारी मुलीच्या पदवीचा फोटो समोर आला. काळा झगा, हातात गुंडाळी. बायको बराच वेळ बघत राहिली.

“बरी आहे पोर. कोणाची?”

मी ओरडलो. काय बोललो ते लिहिणार नाही. ती रडली नाही, फक्त अंग चोरून भिंतीला टेकली, आणि पुढे मी अल्बम काढला की तसंच अंग चोरायला लागली. तेव्हा मी अल्बम लॉफ्टवर टाकला.

मग एक दिवस कपाट आवरताना नकाशाची नळी हाती आली. कागद पसरला तशी ती उठून जवळ आली. गढीवर बोट ठेवून म्हणाली, “इथं दहीभात.” मी विचारलं, इथून पुढे? ती म्हणाली, गिरणी. मग? पूल. मग? उजव्या हाताला वळायचं, डावीकडे रान आहे. एकही चूक नाही. त्या दिवशी मी शेजारच्या मामींना बोलावून ते ऐकवलं.

त्यानंतर रोज तेच. सकाळी आमच्या अंबत्तूरच्या तळ्याच्या काठाने फिरायला गेलो की मी विचारायचो आणि ती सांगायची. बसमधून उतरायचं. चर्च डाव्या हाताला ठेवून मागच्या अंगाने जायचं. भिंतीवरून दोन पायऱ्या. मेंढ्यांचं शेत, गढी उजव्या हाताला. खाली गिरणी, पूल, फाट्याला उजवीकडे, तिसरं घर, निळं दार. बाजूने पाण्याचे टँकर आणि कंपनीच्या बसगाड्या धुरळा उडवत जायच्या आणि ती मेंढ्यांचं शेत पार करत असायची. मला त्यात सुख होतं, ते कबूल करतो. अल्बम घेतला की ती नापास आणि मी नापास. नकाशा घेतला की रोज पैकीच्या पैकी. डॉक्टरणीने काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. पण रोज रोज हरायची माझी तयारी नव्हती.

मुलीचा व्हिडिओ कॉल रविवारी यायचा. आमची दुपार, तिची सकाळ. बायको पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघून माझ्याकडे बघायची, आणि ते बघणं मुलीला दिसू नये म्हणून मी मध्ये बोलत राहायचो. मग मला युक्ती सुचली. मी मुलीला म्हटलं, कॅमेरा बाहेर वळव आणि चालत राहा, आई तुला वाट सांगेल. काय रंगला तो खेळ! मुलगी फोन पुढे धरून चालायची, पडद्यावर चर्च यायचं, ती मठाची भिंत यायची, मे महिन्यात निळं रान यायचं, आणि बायको इथे खुर्चीत बसून सांगायची, आता पायऱ्या, आता खाली, डावीकडे नको. एकदा तो टोपीवाला म्हातारा दिसला. त्याने पडद्यात डोकावून टोपी काढली आणि हिने हात जोडले. मुलगी हसून हसून बेजार झाली.

जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी आम्ही असं गाव फिरलो. या दोन वर्षांत माझ्या बायकोने ते चर्च शंभर वेळा पाहिलं असेल. मुलीचा चेहरा तिने पाहिलाच नाही. तो कॅमेऱ्याच्या मागे होता, आणि मीच तिथे ठेवला होता.

मुलगी विचारायची. “अप्पा, आई ओळखते ना मला?” मी म्हणायचो, ओळखते म्हणजे काय, तुझ्या घराची वाट तिला माझ्याहून पक्की येते. ते खरं होतं. खरं बोलून माणूस किती खोटं बोलू शकतो ते मला तेव्हा कळलं. तिने पोंगलला यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या कामाची काही अडचण निघाली. ती म्हणाली, तरी येऊ का? मी म्हटलं, घाई नाही, सावकाश ये, आई आहे तशी आहे. ती यायला आणखी एक वर्ष लागलं.

विमान पहाटे उतरलं. ती घरी पोचली तेव्हा बायको आंघोळ करून, वेणी घालून सोफ्यावर बसली होती. मुलगी दारातच थांबली. बॅग खाली ठेवली. बायको उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले.

“या, या. बसा. कॉफी होणं का तुम्हाला?”

‘हवी का’ असं आम्ही ‘होणं का’ म्हणून विचारतो. मुलीला त्या शब्दाचा अर्थ लावायची गरज नव्हती. तिला लागला तो ‘तुम्हाला’. तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि फिल्टरमध्ये पावडर घालायला लागलो. पावडर आधीच घातलेली होती.

मी पेले घेऊन बाहेर आलो तेव्हा दोघी समोरासमोर बसल्या होत्या. बायकोने चौकशी चालवली होती, पाहुण्यांची करतात तशी. कोठून आलात? मुलगी म्हणाली, इंग्लंडहून. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

बायकोचा चेहरा उजळला. “माझी लेंक तेथंच आहे! तुम्ही जाल का तिच्याकडे? सोप्पं आहे. मी सांगतें.”

आणि तिने सांगितलं. बसमधून उतरा. चर्च डाव्या हाताला ठेवा. मोठं झाड आहे, त्याला हवं तर तीन फेऱ्या घाला, कोणी वरडत नहीं. मागून जा, दोन पायऱ्या आहेत, जपून. मेंढ्या काही करत नहीं. गढी उजव्या हाताला. गिरणी, पूल. फाट्याशी डावीकडे जाऊं नका. तिसरं घर, निळं दार. एकदाही अडखळली नाही. मुलगी दोन्ही हातांत पेला धरून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली येत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“मग दार वाजवू?” मुलीने विचारलं.

“वाजवा. ती उघडेल की.”

“कशी दिसते ती?”

बायको थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी विचारायचो आणि ती सांगायची, असा आमचा रोजचा पाठ होता, आणि हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. मग ती उठली, कपाटातून नळी काढून तिने नकाशा पसरला आणि त्या निळ्या दारावर बोट ठेवून, डोळे बारीक करून शोधत राहिली.

“ते यांत नहीं,” ती म्हणाली. मग पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाली, “तुम्ही जाताय की. बघून मला सांगा.”

मुलगी तीन आठवडे राहिली. लॉफ्टवरून तिने अल्बम काढला, रोज आईजवळ बसली, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, तिच्या हातचं जेवली, म्हणजे आईला ओट्याशी उभं करून स्वतःच रांधलेलं. बायकोला ती आवडली. पण ओळखीचं काही परत आलं नाही. मला ती एक शब्द रागाने बोलली नाही. एकदाच, कपडे वाळत घालताना, पाठमोरी असताना म्हणाली, “मला सांगायचं तरी, अप्पा. मी कॅमेरा माझ्याकडे वळवला असता.” मी चिमटे तिच्या हातात देत राहिलो.

ती गेल्यावर मी नवा ट्रेसिंग पेपर आणला आणि तो नकाशा पुन्हा काढला. निळ्या दाराशी मी माणूस काढला. माणसं काढायला माझा हात शिकलेला नाही, तरी तिची वेणी, तिचा चष्मा जमेल तसा काढला. आणि सवयीने तपासायला बायकोकडे दिला. तिने खालपासून वरपर्यंत पाहिला आणि दारापाशी थांबली.

“हे काय? नकाशांत माणसं काढायची नहीं. माणसं हालतात,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातला खोडरबर मागून घेतला.

रविवारी कॉल अजून येतो. आता कॅमेरा आत वळवलेला असतो. बायको त्या चेहऱ्याला हात जोडते, कारण त्या बाई इंग्लंडला राहतात आणि मुलीच्या गावच्या आहेत एवढं तिच्या लक्षात राहिलं आहे. का राहिलं ते डॉक्टरणीलाही सांगता आलं नाही.

“गेलतांत का तिच्याकडे?” ती विचारते.

“गेले होते.”

“दार उघडलं तिनं?”

“उघडलं.”

“कशी आहे?”

“बरी आहे. तुमची आठवण काढते.”

बायको समाधानाने मान हलवते. मग दर रविवारी ती तेच सांगते, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, कानात सांगावं तसं.

“तिला एकदा येऊन जा म्हणावं. मी वळखीन तिला.”

मुलगी म्हणते, “सांगते.”